पोत्यांवरची अक्षरं

मी पिंगळीच्या शाळेत हंगामी मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. राज्य निजामाचं, वरचा सगळा कारभार उर्दूत. आम्ही खालच्या वर्गांना मराठी शिकवायचो आणि कायम होण्याची वाट पाहायचो. माझं वय तेव्हा बावीस. मोहतमीमसाहेबांची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची, मर्जी बसली तर नोकरी कायम, खप्पा झाली तर घरी. जगाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं.

एके दिवशी परभणीहून जाहीरनामा आला. शिकवण्याची नवी तरकीब कुणालाही सुचली असेल, तर त्यानं ती भर सभेत दाखवावी. मास्तरच हवा असं नाही, कुणीही चालेल. अट एकच, त्या तरकिबीनं शिकलेला माणूस सोबत आणायचा. ज्याची तरकीब पसंत पडेल त्याला कायम जागा मिळणार होती आणि तीच तरकीब जिल्हाभर चालवली जाणार होती.

मला तरकीब सुचली ती स्टेशनच्या मालधक्क्यावर. तिथं एक हमाल होता, पंचेचाळिशीचा, अंगानं काटक. त्याला अक्षरओळख नव्हती. पण अडत्यांनी पोत्यांवर काळ्या रंगात गावाचं पहिलं अक्षर काढलेलं असायचं आणि हा पठ्ठ्या प्रत्येक पोतं बरोबर त्या-त्या गावाच्या थप्पीला लावायचा. मी विचारलं, "मामा, कसं कळतं तुम्हाला?"

"ह्ये पोट फुगलेलं दिसायलंय न्हं, ते वालूरचं," तो म्हणाला. "अन् ह्ये तिरकी काडी डोक्यावर घेतलेलं सेलूचं."

म्हणजे त्याला अर्धं वाचता येतच होतं, फक्त कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी ठरवलं, मुळाक्षरं घोकायला लावायचीच नाहीत. माणसाच्या हाताखालून रोज जाणारी गावांची नावं घ्यायची आणि ती फोडायची. मानवतातला 'त' आणि वालूरातला 'वा' शेजारी ठेवला की 'तवा'. पहिल्यांदा त्यानं 'तवा' वाचला तेव्हा तो इतका हसला की बाकीचे हमाल गोळा झाले.

दर शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. दुपारी मालधक्क्याच्या सावलीत बसून आम्ही शिकायचो. तीन महिन्यांत तो अडखळत का होईना, पण वाक्य वाचायला लागला.

अशाच एका शुक्रवारी त्यानं कोपरीच्या खिशातून मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला.

"मालकाची चिठ्ठी हाय," तो म्हणाला. वालूरच्या बाजूला एका जमीनदाराकडे तो बारा वर्षं सालगडी होता. बायको अंथरुणाला खिळली म्हणून ऐन पेरणीत काम सोडलं. मालक आधी चिडला, मग म्हणे शांत झाला आणि दिवाणजीकडून ही शिफारस लिहून दिली. "लय ठिकाणी दाखवली. लोक वाचायचे, माझ्याकडं बघायचे, अन् काम न्हाई म्हनायचे. नशीब माझं. हितल्या स्टेशनमास्तरला मराठी येत न्हाई, त्यानं न वाचताच ठिवून घेतलं."

मी कागद उघडला. बाळबोध, वळणदार अक्षर होतं:

'हा इसम आमचेकडे बारा साल होता. कामास चुकार, हाताचा खोटा. दारात उभा करू नये. यास वाचता येत नाही, सबब तोंडावर काही न सांगता चिठ्ठी घेऊन खुशाल हिंडू द्यावे.'

"मोठ्यानं वाचू नका, गुर्जी," तो घाईनं म्हणाला. "मीच वाचनार हाय. परभनीत, चार मानसांत."

मी कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली. "छान अक्षर आहे," म्हणालो. आत्ता सांगितलं तर बिचारा खचेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तो खचला असता तर परभणीला मी कुणाला नेणार होतो?

परभणीला जायच्या दिवशी तो धुतलेलं धोतर आणि कुणाचा तरी मागून आणलेला फेटा घालून आला. मी त्याला परत पाठवलं. कामाचेच कपडे घाला म्हणालो, खांद्यावर पोत्याची धूळ दिसली पाहिजे. त्यानं निमूट कपडे बदलले.

सभा शाळेच्या मोठ्या दालनात होती. समोर मोहतमीमसाहेब आणि त्यांच्या शेजारी मराठी जाणणारे त्यांचे नायब. मागं मास्तर, कारकून, वकील अशी शंभरेक माणसं. आमच्या आधी कुणी मण्यांची पाटी दाखवली, कुणी गाण्यातून पाढे. मग मामानं मी फळ्यावर लिहिलेली दहा वाक्यं वाचली. टाळ्या पडल्या. साहेब मात्र पान चघळत म्हणाले, "ये तो रटाया हुआ है."

नायबांनी पुढ्यातलं एक मराठी पुस्तक उचललं. मी घाबरलो. पुस्तकातल्या लांबलचक वाक्यांवर तो हमखास अडकला असता. तेवढ्यात मामानं खिशात हात घातला.

"सायेब, माझ्याकडं कागद हाय. आजपत्तोर मी वाचला न्हाई. कुनी वाचून बी दाखवला न्हाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. 'नको' हा एक शब्द मला पुरला असता. पुस्तकापेक्षा ती चिठ्ठी सोपी होती, आणि ती पाठ केली असेल असा संशयही कुणाला आला नसता. हे सगळं माझ्या डोक्यात डोळ्याचं पातं लवायच्या आत जुळलं.

"वाचा, मामा," मी म्हणालो.

त्यानं सुरुवात केली. 'बारा साल होता' इथवर आवाजात केवढी ऐट होती. मग "का-मा-स... चु-का-र." तो थांबला. चुकून वाचलं असं वाटून त्यानं त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच निघालं. मागं कुणी तरी खुसखुसलं. "हा-ता-चा..." त्यानं मान वर केली. मी हातानं 'पुढं' अशी खूण केली. शेवटचं 'खुशाल हिंडू द्यावे' त्यानं वाचलं तेव्हा मराठी कळणारे सगळे हसत होते. नायबांनी तेच उर्दूत सांगितलं आणि मग उरलेले हसले. साहेबांच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

"वाह, मास्टर! इससे बड़ा सुबूत क्या चाहिए? अपनी बदनामी कोई रटके नहीं आता." त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. "फिर से पढ़ाओ. देखें, कितना वक़्त लगता है."

मामा हललाच नाही. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "एकदाच, मामा. माझ्यासाठी." त्यानं पुन्हा वाचली. या खेपेला कुठंच अडखळला नाही.

परतीच्या गाडीत तो दाराजवळ उभाच राहिला. पिंगळी जवळ आल्यावर म्हणाला, "गुर्जी, तुमाला ठावं व्हतं न्हं?"

"मला ते अक्षर नीट लागलं नव्हतं," मी म्हणालो.

"मला तर लागलं," तो म्हणाला.

जागा मला मिळाली. सेलूच्या शाळेत रुजू व्हायचा हुकूम पंधरवड्यात आला. तोवर परभणीची हकीगत मालधक्क्यावर पोचली होती. हमाल त्याला थट्टेनं 'हाताचा खोटा' अशी हाक मारत. मग सरकीचं एक पोतं कमी भरलं. ते कुणी नेलं हे कधीच कळलं नाही, पण स्टेशनमास्तरनं कुणाकडून तरी चिठ्ठीचा मजकूर ऐकला होता. मामाचं काम सुटलं. आता तर त्याला दाखवायला शिफारसही उरली नव्हती.

निघण्याच्या आदल्या सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात दोर वळत होता. बायको आत खाटेवर पडलेली. मी म्हणालो, "मामा, माझी चूक झाली."

तो दोर वळतच राहिला. वळता वळताच म्हणाला, "गुर्जी, दुकानाची पाटी आली की मी मान फिरवायलोय. तरी बी वाचलंच जातंय. भितीवर, डब्यावर, जिथं बघावं तिथं. आधी नुसत्या रेघा दिसायच्या, लय बरं व्हतं."

त्यानं दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"ह्ये इसरायची काई तरकीब हाय का तुमच्याकडं?"

तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. मी नाही म्हणालो आणि उठलो. दुसऱ्या दिवशी सेलूला रुजू झालो, आणि पहिल्याच तासाला फळ्यावर 'वालूर' लिहून वर्गाला म्हणालो, हे फोडा.