ओब्दुलियाचा हात

कायेय गावच्या तंबाखूच्या कारखान्यात ओब्दुलिया पानांच्या शिरा काढायची. पान ओलं असतानाच मधली शीर ओढायची आणि पान फाटू द्यायचं नाही, हे तिचं काम. वाऱ्यानं पान सुकतं म्हणून मुकादम लीनो खिडक्या खिळे ठोकून बंद ठेवायचा. पानं सुकायची नाहीत, बायका मात्र खोकून खोकून सुकायच्या. काम सुटायच्या वेळी तोच लीनो दारात उभा राहून, चोरीची पानं शोधायच्या निमित्तानं, एकेकीचा परकर चाचपायचा. मेल्याचे हात झडले कसे नाहीत कोण जाणे!

शेवटी बायकांनी संघटना केली आणि संप पुकारला. ओब्दुलियाच्या शेजारच्या तोमासानं आपल्या अंगणात सगळ्या संपकऱ्यांसाठी चूल मांडली. कच्ची केळी, घेवडा, मिळाला तर खारवलेला मासा. ओब्दुलिया एकटा जीव. तोमासा तिला रोज कुंपणावरून हाक मारायची.

"ये गं काटकुळे! वाऱ्यानं उडून गेलीस तर संपात एक माणूस कमी व्हायचं!"

म्हणजे ओब्दुलिया उपाशी नव्हती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे तिची कीव करणारे भुकेचं नाव घेत, आणि ते खोटं होतं. संप सोडून कामावर आली तर, म्हणून लीनोनं तिला फक्त दाराजवळचं स्टूल देऊ केलं होतं. त्या खोलीत तेवढ्या एकाच जागी वारा लागायचा. इतकी वर्षं कोंदट कोपऱ्यात काढलेल्या बाईला त्या वाऱ्याचा मोह पडला, बस्स. पहाटे मागच्या फाटकातून ती गुपचूप कामावर जाऊ लागली. आत बाकीच्या बायका संप मोडायला परगावहून आणलेल्या होत्या, तिला ओळखणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी तोमासाच्या चुलीशी बसून ती संपाचा घेवडाही खायची.

तोमासा एकदा आपले तळवे पुढे करून हसली. "बघा गं, तंबाखूचे डाग गेले सगळे! माझे हात इतके गुलाबी आहेत हे नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं!"

सगळ्या जणी आपापले तळवे बघू लागल्या. ओब्दुलियानं मात्र हात शालीत ओढून घेतले. लिंबू झालं, राख झाली, पण रोज पानात बुडणाऱ्या बोटांचा काळपट चिकट डाग जातो कुठला?

मग सभा भरली. संप चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायचं होतं. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे मत द्यायचं ते तळहात उंचावून. संपाच्या बाजूनं हातामागून हात वर गेले, सगळे स्वच्छ. ओब्दुलिया शालीत बोटं आवळून जमिनीकडे बघत बसली.

"अगं, हात उचलायचंही बळ राहिलं नाही का तुला?" शेजारी बसलेल्या तोमासानं मायेनं तिचं मनगट धरलं. "थांब, मी उचलते."

"नको, तोमासा—"

पण हात वर गेला होता. इतक्या हातांत तो एकच काळा. सगळ्या माना तिकडे वळल्या. तोमासानंही वर पाहिलं. ओब्दुलियाला वाटलं, हिनं आता माझ्या मुस्काटात मारावी. निदान तेवढं तरी करावं.

हात मोजणाऱ्या बाईनं विचारलं, "हा धरायचा का?"

"धरा," तोमासा म्हणाली. तिनं तो हात खाली घेतला, शालीत झाकला आणि स्वतः उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

संप चालू राहिला. ओब्दुलिया पुन्हा मागच्या फाटकाकडे गेली नाही, पण ते आता कुणाला सांगणार? संध्याकाळी ती कुंपणाशी नेहमीच्या जागी उभी राहिली. पलीकडे तोमासानं तिचं ताट वाढून चुलीच्या कडेला ठेवलं, वर झाकणही ठेवलं.

हाक मात्र मारली नाही.