पातेल्यातला बाळकृष्ण

देवाशी माझं वागणं फारसं चांगलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरी. अर्ज दिला की पोच मिळालीच पाहिजे, ही सवय. दिल्लीत मयूर विहारमधला सोसायटीचा फ्लॅट तेव्हा नुकताच ताब्यात आला होता. जिन्यात ओल्या चुन्याचा वास, घरोघरी नवीन आलेला केबल टीव्ही, आणि समोरच्या दारामागे कोण राहतं याची कुणालाच फिकीर नाही. अशा घरात मी आणि माझे वडील अप्पा, दोघंच. आई मी लहान असतानाच गेली होती.

अप्पांना गावाहून आणलं ते पोटदुखीच्या तपासणीसाठी. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं, कॅन्सर यकृतात पसरलाय, आता घरी न्या आणि जपा. मी बाहेर आले आणि हसून म्हणाले, "कावीळ आहे अप्पा. पथ्य पाळायचं फक्त." इतकं सहज खोटं मला बोलता येतं, हे तोवर ठाऊक नव्हतं.

अप्पांनी येताना घरचे देव पिशवीतून आणले होते. ते अंथरुणाला खिळले आणि पूजा माझ्याकडे आली. एका संध्याकाळी मी त्यांचा पितळी बाळकृष्ण उचलला, पाण्याने भरलेल्या पातेल्यात ठेवला आणि वर झाकण घातलं. आमच्याकडे संकटात देव पाण्यात ठेवतात आणि संकट टळलं की बाहेर काढतात. अप्पा उठून बसेपर्यंत तू आतच, असं मी त्याला बजावलं. याला नवस म्हणायची लाज वाटते. धमकीच होती ती.

त्यानंतरचे दिवस फार एकटे गेले. रजा संपली. सकाळी अप्पांच्या उशाशी सगळं मांडून मी बाहेरून नुसती कडी लावायची आणि ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस गाठायची. ऑफिसात कुणी विचारलं तर "ठीक हैं" म्हणायची, कारण खरं सांगितलं असतं तर टेबलावरच रडले असते. नळाला पाणी सकाळी सहा ते आठ यायचं. रडणं अप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून मोरीत नळ सोडून तेवढ्याच वेळात रडायचं. संध्याकाळी झाकण उचलून बघायची. बाळकृष्ण लोण्याचा गोळा धरून पाण्याखाली रांगत असायचा आणि इकडे अप्पा आणखी वाळलेले असायचे. त्या थंडीत माझा देवावरचा विश्वास उडत चालला होता, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं.

एक दिवस धुक्यामुळे परतीची बस उशिरा पोचली. बघते तर दार उघडं. आत समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी अप्पांना चमच्याने दलिया भरवत होत्या. जिन्यातल्या चपलांवरून झालेलं एक भांडण, एवढीच आमची ओळख. उशीजवळच्या स्टुलावर बाळकृष्ण होता, अंगात पिवळा लोकरीचा स्वेटर.

"बेटा, लल्ला पतीले में पड़े थे! इतनी ठंड में!" त्या मलाच रागावल्या. "पोंछकर अपने लड्डू गोपाल का स्वेटर पहना दिया।"

अप्पांनी पाण्यासाठी मारलेल्या हाका ऐकून त्या कडी काढून आत आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात पाणी शोधताना झाकण उचललं होतं. त्या मथुरेकडच्या, तिकडे बाळकृष्णाला लड्डू गोपाल म्हणतात आणि हिवाळ्यात देवालाही लोकर घालतात. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. सगळं मोडलं, आता अप्पा जाणार, एवढंच डोक्यात. माझा चेहरा पाहून त्या निघून गेल्या.

"किती दिवस ठेवला होतास?" अप्पांनी विचारलं.

"पंचवीस."

"म्हणजे कावीळ नाही."

मी त्यांच्या उशाशी बसले. ते हळूहळू, दम घेत बोलले. "तुझ्या आईच्या वेळी मीही ठेवला होता. ती गेल्यावर मलाच बाहेर काढावा लागला. मग वर्षभर त्याच्याकडे बघवेना. तुझ्यावर ती पाळी यायला नको होती, बाळ. बरं झालं त्या बाईंनी काढला."

त्या संध्याकाळी मी नळाला पाणी नसताना रडले, अप्पांच्या हातावर डोकं ठेवून.

सकाळी आंटींच्या दारात जाऊन माफी मागितली. "किस बात की?" त्या म्हणाल्या. "चाबी दे जा। कुंडी से काम नहीं चलेगा।" नुसत्या कडीऐवजी मी कुलूप लावून किल्ली त्यांना दिली, आणि तेव्हापासून अप्पा दिवसा एकटे राहिले नाहीत. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळायची, तरी मी घरी येईपर्यंत गप्पा चाललेल्या असायच्या. पिण्याच्या पाण्याचा पिंप ओट्यावर समोर असताना त्यांनी कोपऱ्यातल्या पातेल्याचंच झाकण का उचललं, हे मी कधी विचारलं नाही. मला ते कळायची गरज उरली नाही.

अप्पा होळीच्या आधी गेले. पहाटे, माझा हात धरून. मी मागितलं होतं ते मिळालं नाही. पण शेवटचे दिवस आम्ही एकमेकांशी खरं बोललो. तेवढं मागायचं मला सुचलंही नव्हतं. ते त्याने आपणहून दिलं. मी त्याला कोंडून धरलं होतं, तोवर त्याला द्यायला जागाच ठेवली नव्हती.

आंटी आल्या तेव्हा मी अप्पांजवळ बसून होते. स्टुलावर पिवळ्या स्वेटरमधला बाळकृष्ण होता, आणि मला त्याच्याकडे बघवत होतं.