एगिल आणि चिकटलेलं चाक

एगिल मोसेगोर हा बंदरावर क्रेन दुरुस्त करतो. वय पंचावन्न, हाताला कायम ग्रीसचा वास, तोंडात शब्द कमी. आपण घरी तळघरात बसून प्लॅस्टिकच्या विटा जोडतो, हे त्याने पंधरा वर्षं बंदरावर कोणाला कळू दिलं नव्हतं. विटा म्हणजे पोरांची घरं आणि किल्ले नव्हेत. दातेरी चाकं, फुलीच्या आकाराचे दांडे, छोट्या मोटरी, हवेच्या दाबावर उचलले जाणारे हात. त्याने जोडलेली क्रेन खऱ्या क्रेनसारखी फिरते, वजन उचलते आणि झेपेना झालं की खऱ्यासारखीच थांबते. तरी शेवटी विटाच त्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला तर राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग माशाच्या शेजारी विटा जोडायची एक पिवळी पिन पडलेली, आणि पंधरा वर्षांचं गुपित संपलं. तेव्हापासून रोज कोणीतरी विचारतं, आईने आज बाहेर सोडलं का, गृहपाठ झाला का. एगिल उत्तर देत नाही. त्याचे कान तेवढे लाल होतात.

मी सफाई कामगारांची युनियन सांभाळते. नववीनंतर शाळेत गेले नाही, कायदा भांडून भांडून शिकले. कोणाला कामावरून काढायला निघाले की माझं एकच वाक्य असतं: आधी त्याचं ऐकून घ्या. हे वाक्य मी तीस वर्षं टेबलावर हात आपटून म्हटलंय, मोठमोठ्या साहेबांच्या तोंडावर म्हटलंय. म्हणून पुढचं लिहिताना लाज वाटते. पण दुसऱ्यांची लफडी चव्हाट्यावर मांडणारी बाई मी, स्वतःचं झाकून ठेवलं तर उद्या कोणत्या तोंडाने ओरडू?

विटावाल्यांचं मंडळ दर गुरुवारी आमच्या वस्तीच्या सभागृहात भरतं. किल्ली माझ्याकडे. हे लोक कप विसळून ठेवतात की नाही ते बघायला गेले आणि तिथलीच झाले. आता माझी स्वतःची कचरागाडी आहे, मागचा डबा उचलून आत दाबणारी, अकरा गिअरची. अध्यक्ष बोडिल, दातांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली. तिच्याइतक्या सफाईने अडकलेली पिन कोणी काढत नाही.

मंडळाचे नियम भिंतीवर लावलेत. चौथा सगळ्यात कडक: गोंद नाही, करवत नाही, कानस नाही. जे जोडलंय ते हाताने सुटलं पाहिजे. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण आमच्यात गोंद लावणं म्हणजे पत्त्यांत लबाडी करण्यासारखंच. हा नियम तपासायचं काम एगिलकडे. त्याच्या बोटांना खोटं कळतं, असं सगळे म्हणायचे. तोही म्हणायचा.

आणि केक. आपल्याकडे कामावर कोणाचं चुकलं की तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी केक आणतो, चुकीचा दंड म्हणून. किल्ली हरवली, केक. उशीर झाला, केक. केक खाल्ला, चार टोमणे मारले, विषय संपला. मंडळातही तेच. मी एकदा एगिलच्या क्रेनवर कॉफी सांडली होती, सफरचंदाचा केक नेला, फिटलं.

होल्गर बंक आमच्यात सगळ्यात मोठा, चौऱ्याहत्तरचा. एकतीस वर्षं गावच्या शाळेत शिपाई होता, अर्ध्या गावाची नाकं त्याने पुसलीत. त्याने तीन वर्षं खपून शेतात चर खणणारं यंत्र जोडलं होतं, साखळीला बादल्या लावलेलं, साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडे वापरतात तसं. सगळे भाग जुने, स्वतःच्या मुलांचे, चाळीस वर्षं खोक्यात राहिलेले. ते त्याने दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत प्रदर्शनात मांडलं. क्रीडागृहात दोनेकशे माणूस. सदस्यांच्या चषकासाठी मतं पडत होती आणि होल्गरचं यंत्र पुढे होतं.

एगिल तपासायला आला. बादल्या सुटल्या, साखळी सुटली. टायर मात्र रिमवरून निघेना. त्याने जोर लावला, तेव्हा टायरबरोबर रिमचा पापुद्रा निघाला, चकचकीत, वितळल्यासारखा. एगिलने तो उजेडात धरला, मग सरळ मायक्रोफोनकडे गेला आणि म्हणाला की चौदा नंबरच्या यंत्रात गोंद सापडलाय, ते चषकातून बाद.

होल्गर आपल्या टेबलामागे उभा होता. तो म्हणाला, "मी गोंद लावला नाही."

"रबर आपोआप प्लॅस्टिक वितळवत नाही, होल्गर," एगिल म्हणाला. मायक्रोफोन चालूच होता. "मी तीस वर्षं रबर आणि लोखंडातच आहे."

होल्गरने यंत्रावर घोंगडी टाकली, ते पोटाशी धरलं आणि निघून गेला. पुढच्या गुरुवारी बोडिलने ठराव मांडला की चूक कबूल करेपर्यंत होल्गरचं सदस्यत्व थांबवावं. सात हात वर गेले. चौथा माझा. आधी त्याचं ऐकून घ्या, हे माझ्या तोंडातून आलं नाही. खरं सांगायचं तर मनातही आलं नाही. समोर केक होता आणि मला घरी जायचं होतं.

दोन वर्षं गेली. यंदा सप्टेंबरात एगिलची आई वृद्धाश्रमात गेली आणि तिचं घर रिकामं करताना माळ्यावर एगिलचं लहानपणचं खोकं निघालं. शनिवारी सकाळी मी वस्तीच्या सायकलखान्यात पंप शोधत होते, तर हा समोर उभा. त्याने हातातलं चाक माझ्यापुढे धरलं.

"टायर काढ," म्हणाला.

मी ओढला. निघेना. नखं लावली, दात लावले. शेवटी निघाला तो रिमचा पापुद्रा घेऊनच. चकचकीत, वितळल्यासारखा. मी म्हटलं, तूसुद्धा गोंद लावायचास होय रे?

"मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरात गोंदच नव्हता," एगिल म्हणाला. "खोक्यातली सगळी चाकं अशीच आहेत. रबर जुनं झालं की खातं प्लॅस्टिकला. नुसतं पडून पडून."

मी उलटी ठेवलेली बादली ओढून तिच्यावर बसले. तो उभाच राहिला. कान लाल नव्हते, सगळा चेहराच पांढरा होता.

मग त्याने काय करावं? आपल्या माणसाला जे सुचेल तेच. केक केला. तीन थरांचा, मध्ये रास्पबेरी, वर मलई. वाढदिवसाला करतात तसा. मी म्हटलं मीही येते. रविवारी दुपारी आम्ही होल्गरच्या फाटकाशी गेलो, एगिलच्या दोन्ही हातांत केक, चाक खिशात. 

होल्गरने दार उघडलं. केककडे पाहिलं. एगिलने चाक काढून दिलं आणि जे सांगायचं ते तीन वाक्यांत सांगितलं. होल्गरने चाक फिरवून पाहिलं, पापुद्र्यावर अंगठा फिरवला, परत दिलं.

"आत या," तो म्हणाला. "केक बाहेर ठेव."

केक पायरीवर राहिला. स्वयंपाकघराच्या फळीवर आइस्क्रीमचे डबे रांगेत होते, त्यांत विटा रंगवार लावलेल्या. पिवळा डबा, करडा डबा, काळा डबा. ते यंत्र होतं. होल्गरने ते प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी सोडवलं होतं. हाताने. एकही भाग अडला नाही, तो म्हणाला, चाकं सोडून.

मग त्याने दुकानाचं सांगितलं. त्याच्याच शाळेत शिकलेला एक बाप्या, आता स्वतः दोन पोरांचा बाप, पैसे द्यायच्या रांगेत मागून म्हणाला होता, काय होल्गर, गोंद संपला का? रांग हसली. वाईट हेतूने नाही, तो म्हणाला, लोक बोलतात तसंच. पण तेव्हापासून तो दूध घ्यायला पुढच्या गावी सायकलने जातो. सहा किलोमीटर.

एगिल मान खाली घालून बसला होता. तसाच म्हणाला, मी काय करू ते सांग.

"तू ते मायक्रोफोनवर बोललास," होल्गर म्हणाला. "हॉलमध्ये दोनशे माणसं होती. इथे आपण तिघं आहोत."

पुढचं प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं. एगिलची त्या तीन आठवड्यांत जी दशा झाली ती मी पाहिली. हा माणूस स्वतःच्या लग्नात भाषण नको म्हणून आजारी पडला होता. शिवाय त्याला कबूल करायचं होतं ते असं की रबर आणि लोखंडातलं मला कळत नाही. बंदरावरचे सगळे पोराबाळांसह येणार, आणि बंदरावर त्याच्याकडे इज्जतीचं तेवढंच होतं. बाकी पिवळ्या पिनेने केव्हाच नेलं होतं. बोडिलने सुटका काढून दिली. मंडळाच्या पत्रकात दोन ओळी टाकू, तिने सुचवलं, जुन्या टायरबाबत नवी माहिती, नाव कोणाचंच नको. एगिल हो म्हणायच्या बेतात होता. मी बोडिलला जे बोलले ते इथे लिहीत नाही. निम्मी चीड माझी माझ्यावरच होती, एवढं आज कळतं.

प्रदर्शनाच्या रविवारी दोन वाजता, चषकाच्या वेळेला, एगिल मायक्रोफोनकडे गेला. हातात ते चाक. त्याने चिठ्ठी आणली होती पण उघडली नाही.

"दोन वर्षांपूर्वी मी होल्गर बंकच्या यंत्रात गोंद आहे असं म्हटलं," तो म्हणाला. "गोंद नव्हता. रबर जुनं होतं. चूक माझी."

आणि बंदरवाल्यांच्या कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, "केक!"

सगळा हॉल हसला. हसणारच. आपल्याकडे माणूस चूक माझी म्हणाला की दुसरं काय म्हणतात? पोरं टेबलं वाजवून केक, केक करायला लागली. बोडिलसुद्धा हसली, सुटल्यासारखी. मी दाराकडे पाहिलं. तिथे कोट अडकवायच्या खुंट्यांजवळ होल्गर उभा होता, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. तो वळला आणि बाहेर गेला.

एगिलने त्याला पाहिलं नाही. तो हसू थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. बराच वेळ लागला. मग हळू म्हणाला, "केक नाही. मी एका माणसाला दोनशे लोकांसमोर लबाड ठरवलं. त्याने नाही म्हटलं तेव्हा मी ऐकलं नाही." आणि चाक मायक्रोफोनशेजारी ठेवून खाली उतरला. आता कोणी हसलं नाही. बंदरवाल्यांतला तो ओरडणारा बुटांकडे बघत होता.

एगिल माझ्याजवळ आला आणि विचारलं, तो आला होता का. खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, आला होता, लोक हसले तेव्हा गेला. दुसऱ्यांदा बोललास ते त्याने ऐकलं नाही.

एगिलने कोटही घेतला नाही, तसाच सायकलवर बसून निघाला. मी मागून सायकल हाणली. होल्गर नुकताच पोचला होता, फाटक लावत होता. एगिल फाटकाच्या अलीकडे थांबला, धाप लागलेली, आणि हॉलमध्ये दुसऱ्यांदा जे बोलला होता ते पुन्हा बोलला, शब्दाला शब्द. शेजारीण पानं गोळा करत होती, तिने दाताळं थांबवलं. तिच्यासमोरच बोलला.

होल्गरने ऐकून घेतलं. मग हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणाला, "तू पहिल्यांदा बोललास तेवढं पुरे होतं."

"मग गेलास का?"

"लोक हसायला लागले. तिथे उभं असलं की कसं वाटतं ते मला माहीत आहे. तुझ्याकडे बघवेना."

एगिलचे कान लाल झाले.  यंत्र पुन्हा जोडशील का, त्याने विचारलं. होल्गर म्हणाला नाही, आता डबेच बरे वाटतात. मंडळात येशील का, तर त्यावरही नाही म्हणाला. रागाने नाही. उद्या आपल्याच गावच्या दुकानात दूध घ्यायला जाईन म्हणतो, असं मात्र म्हणाला.

मी दोन पावलं मागे सायकल धरून उभी होते. वाटलं, हे या दोघांचं मिटलं, आता निघावं. पायडलवर पाय ठेवलासुद्धा. तेव्हा होल्गरने एगिलच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू गं," तो म्हणाला, "तू तर सगळ्यांसाठी भांडतेस. तू का नाही बोललीस?"

  मी सायकल कुंपणाला टेकवली आणि एवढंच म्हणाले की मी हात वर केला होता. चौथा हात माझा होता. होल्गरने मान हलवली. माहीत होतं, म्हणाला, सदस्यत्व थांबवल्याचं पत्र पाठवलं त्यात बोडिलने सगळी नावं लिहिली होती.