पिसांचा गळ

“घाई माशाला असू दे,” असं म्हणत चीफ होडीच्या पुढच्या टोकाला उभे राहायचे, टोपी मागे सरकवायचे आणि पाण्याकडे नुसते बघत राहायचे. मी वल्हं धरून मागे. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तरी हातातली गळाची काठी हलायची नाही. मला जांभई यायची. मग एकदम त्यांचा हात मागे जायचा, रंगीत दोरी हवेत लांबलचक उलगडायची आणि कांदळाच्या मुळांपाशी इतक्या हलक्याने उतरायची, की पाण्याला कळायचंही नाही.

मालवणपासून बऱ्याच आत, जिथे खाडी संपून नदी सुरू होते तिथे माझ्या चार खोल्या आहेत. पाहुण्यांसाठी. रस्ता पलीकडच्या काठाला संपतो, पुढे होडीनेच यावं लागतं. मागे जंगल, समोर कांदळवन. जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ पुण्याहून दर वर्षी पाऊस ओसरला की यायचे. जहाजावरची हाक इथेही चिकटली, आम्ही सगळे त्यांना चीफच म्हणायचो.

ते यायचे तांबोशीसाठी. तुम्ही ती बाजारात बर्फावर पाहिली असेल. जिवंत तांबोशी वेगळीच. सुळे कुत्र्यासारखे, आणि मुळांच्या अंधारात दबा धरून बसायची सवय. गळ लागला की पहिल्याच झटक्यात ती मुळांत घुसते आणि गळाची बारीक नायलॉन दोरी, तंगूस, कापून टाकते. चीफ तिला खरं आमिष लावायचेच नाहीत. कोंबड्याची पिसं दोऱ्याने गळावर बांधून ते खोटी कोळंबी बनवायचे. आणि एवढं करून पकडलेली तांबोशी पाण्यात सोडून द्यायचे.

ही गोष्ट आमच्या शेजारच्या रुक्मिणकाकीला कधीच पटली नाही. एक तर पिसं तिच्या कोंबड्याची. चीफ पायवाटेवर दिसले की तो कोंबडा चुलीमागे जाऊन लपायचा.

“इलो रे तुजो चीफ,” काकी मला ओरडून सांगायची. एका तापात तिचे कान गेले होते, त्यामुळे ती सगळंच ओरडून बोलायची. “पिसांचा सुंगट करता म्हणे. माशे काय खुळे आसत? आणि गावलो तर सोडून देता. मग धरता कशाक?”

चीफ हात जोडायचे. “काकी, फक्त गळून पडलेली पिसं घेतो.”

“काय म्हणता तो?” ती मला विचारायची. मी खुणांनी सांगितलं, की म्हणायची, “खोटा बोलता.” आणि आत जाऊन मूठभर पिसं घेऊन यायची.

दोनेक वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की चहाचा कप उचलताना चीफची बशी वाजते. त्यांनी मला बघताना पाहिलं. “हात रिकामा असला की थरथरतो,” ते म्हणाले. “कामाला लावला की गप्प बसतो. जहाजावरच्या पोरांसारखा.” ते हसले, पण कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

त्याच्या पुढच्या वर्षी पूर मोठा आला. वरच्या डोहात मगर आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, पण ती कधी खाली उतरली नव्हती. पूर ओसरल्यावर गुरं राखणाऱ्या एकाने ती आमच्या वळणावर पाहिल्याचं सांगितलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मीही नाही.

एका सकाळी ओहोटी होती. चीफना घेऊन मी वळणापलीकडे गेलो होतो. त्या दिवशी हात कामाला लावूनही थरथरत होता. दोरी मुळांत अडकायची, ते सोडवायचे. परत येताना पाणी इतकं उतरलं, की होडी वाळूच्या पट्टीवर चढून बसली. मी खाली उतरून ढकलायला लागलो. समोर, मधला खोल प्रवाह सोडून पलीकडे, घराच्या काठाशी, रुक्मिणकाकी कमरेएवढ्या पाण्यात चिखलातले शिंपले, तिसऱ्या, काढत होती. आमच्याकडे तिची पाठ होती. पायाने चाचपायचं, वाकायचं, मूठ भरून टोपलीत टाकायचं.

“ते काय आहे?” चीफनी विचारलं.

काकीपासून थोडं प्रवाहाच्या वरच्या बाजूला, कांदळाच्या सावलीत, पाण्यावर दोन उंचवटे होते. मला वाटलं, नारळाचं सोडण, सोललेली साल. पण ते प्रवाहाबरोबर न येता आडवं येत होतं. तिच्या दिशेने.

मी ओरडलो. चीफही ओरडले. वल्हं पाण्यावर आपटलं. वारा समुद्राकडून, आमच्या तोंडावर येत होता, आणि काकीला तर शेजारी उभं राहून हाक मारली तरी ऐकू जायची नाही. ती वाकली, टोपलीत काहीतरी टाकलं, पुन्हा वाकली. उंचवटे दिसेनासे झाले.

मी प्रवाहात उडी मारायला निघालो, तेव्हा चीफ म्हणाले, “थांब. होडी धर. हलू देऊ नकोस.”

त्यांनी काठी उचलली होती. मी छातीने होडी दाबून धरली. दोरी मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे, प्रत्येक वेळी थोडी जास्त लांब. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि मान वळवली. बघवत नव्हतं.

पहिली फेक कमी पडली. गळ काकीच्या मागे हातभर अंतरावर पाण्यात उतरला. नेहमीसारखा, आवाज न करता.

चीफनी दोरी मागे ओढून घेतली. तोंडाने ते काहीतरी पुटपुटत होते. माशाला घाई असू दे म्हणणारा माणूस तेव्हा काय म्हणत होता, ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा दोरी गेली ती वाऱ्याच्या खालून, पाण्याला जवळजवळ घासत, आणि काकीच्या उजव्या खांद्यावर पिसं जाऊन बसली. चीफनी झटका दिला.

काकी गर्रकन वळली. तोंड शिवी द्यायला उघडलेलं. मी दोन्ही हात उंच करून काठाकडे दाखवत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या पाण्याकडे. तिथे पाणी नुसतं फुगलं होतं. तिने टोपली सोडून दिली. पळाली नाही. चिखलात पळता येत नाही हे तिला ठाऊक होतं. एक पाय उपसून, मग दुसरा, अशी ती काठाकडे निघाली, आणि दोरी तिच्यामागे रिळावरून सरसरत सुटत राहिली. ती काठावर चढून बसली. टोपली उलटी होऊन तरंगत होती. तिच्याशेजारी मगरीचं डोकं वर आलं, क्षणभर थांबलं आणि खाली गेलं.

ती काठावर, आम्ही पट्टीवर, मध्ये पाण्यावरून गेलेली दोरी. चीफ खाली बसले होते. त्यांचे दोन्ही हात आता इतके थरथरत होते, की काठी मीच धरली.

संध्याकाळी काकी आमच्या पडवीत आली. पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली.

“तुमी वराडलास?”

चीफनी होकारार्थी मान हलवली. “खूप ओरडलो.”

“माका आयकाक नाय इला.”

त्यांनी तिच्या खांद्याकडे बोट दाखवून, लागलं का, अशी खूण केली. गळ पदरातून आत गेला होता.

“लागला,” ती म्हणाली. “बरा झाला लागला.” आणि पदर डोळ्यांना लावून ती तशीच उठून गेली.

त्या मुक्कामात चीफनी पुन्हा काठी उचलली नाही. “पहिला नेम चुकला रे,” एवढंच ते म्हणत. मी म्हटलं, दुसरा लागला ना. ते म्हणाले, “या हाताने तिसरा झाला नसता.” पुढच्या वर्षी ते काठीशिवाय आले, काकीच्या अंगणात बसून राहिले आणि गेले. मग आलेच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. बाबांना फारसं बोलता येत नाही, पण नदी दाखवा म्हणतात. मी होडी कांदळापाशी नेली आणि फोन पाण्याकडे धरला. तेवढ्यात मुळांत धाडकन काहीतरी उसळलं.

“पाहिलंत, चीफ?” मी फोन वळवून विचारलं.

पडद्यावर फक्त त्यांचा कान दिसत होता, फोनला घट्ट चिकटलेला. मी फोन पुन्हा पाण्यापाशी नेला.