वन्स मोर

चुन्याच्या फक्कीचा वास आला की आलापल्लीतलं ते कबड्डीचं मैदान आठवतं. सामन्यांच्या मधल्या वेळेत गायला आमचा ऑर्केस्ट्रा होता. फायनलमध्ये माझा भाऊ मानेवर पडला आणि हलेचना. मी स्टेजवरून उतरणार तोच मंडळाचे अध्यक्ष आडवे आले, "बाई, नाचाचं गाणं म्हण! पब्लिक आत घुसली त त्याले दवाखान्यात नेणाऱ्या गाडीले वाट नाई भेटणार." मी जीव तोडून गायले. लोक दोरीपलीकडेच गमछे फिरवत नाचले. त्या धुरळ्यातून भावाचे लोंबते पाय गाडीत गेले. मी थांबले, तर "वन्स मोर!" आता भाऊ खाटेवरच असतो. त्याला भेटायला येणारे त्याच्यासमोरच म्हणतात, "काय गायली व तू त्या दिवशी!"