मोहाच्या बांधीतला कॅमेरा

२१ नोव्हेंबर. मी पुंजण्याभोवतीचं वाळलेलं गवत ओढून काढत होते. कापलेल्या धानाचे भारे रचून केलेला तो ढीग म्हणजे आमचं वर्षाचं खाणं. एक काडी लागली की संपलं. गवत परवाच काढलं होतं. वाऱ्यानं परत आलं असेल, म्हटलं.

यंदा राखणीला खांबावर सौर पट्टीचा कॅमेरा होता. दहा दिवस धुकं, पट्टीला ऊन नाही. फोनवरून कोणी बघायला आलं की कॅमेरा आधी त्याची खात्री करायचा, त्यात बॅटरी जायची. मीच ती तपासणी बंद केली, नुसता कोड ठेवला आणि बचत सुरू केली : समोर काही हललं तरच जागा हो.

धुऱ्यापलीकडचे, शेताला शेत लागून असलेले शेजारी हसत म्हणाले, "वयनी, तुमचा चौकीदार तं चार वाजताच झोपते जी!"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सारं गाव हासून रायलं. मानूस ठेवला असता तं बिडी पेत जागा तरी रायला असता."

चारला झोपायला मी सांगितलं नव्हतं. फोन उघडला. यादीत माझा आणि नवऱ्याचा, असे दोनच फोन हवे होते. तिसरा होता. त्यानं कॅमेरा रोज संध्याकाळी चार ते सकाळी सहा बंद ठेवला होता.

नवरा आला, त्याला यादी दाखवली. "कोड कोनाले सांगतला?"

"कोनालेच नाही."

"टाकला काय होता?"

"मोहाची बांधी."

तो कपाळाला हात लावून बसला. विसरू नये म्हणून मी शेताचंच नाव टाकलं होतं. कापणीला आलेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक.

मी यादीतून तिसरा फोन काढून टाकला, कोड बदलला, सगळी तपासणी सुरू केली, बचत बंद. बॅटरी बत्तीस टक्क्यांवर होती.

मग गवताकडे नीट पाहिलं. ते एकाच बाजूला होतं, बुडाशी दाबून कोंबलेलं. आणि दहा दिवसांत वारा सुटलाच नव्हता.

त्या रात्री नवरा पुंजण्याला लागून बाज टाकून झोपला. गावातल्या मळणीच्या मशीनवर आमची पाळी चार दिवसांनी होती.

सकाळी बॅटरी संपून कॅमेरा मेलेला होता. मी तो खांबावरून काढून पिशवीत टाकला आणि मशीनवाल्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तो पाळीचं बोलू लागला. मी ऐकून घेतलं, ट्रॅक्टरवर चढून बसले आणि म्हटलं, "आधी आमच्या बांधीत."