लॅमिनेशन केलेली फारकत

माझ्या फारकतीला लॅमिनेशन केलेलं होतं. हसू नका, आमच्या मामाचं काम ते. नांदेडचं सासर सोडून मी पोरीला घेऊन अहमदपूरला माहेरी आले, तेव्हा दोन्हीकडची चार माणसं मारुतीच्या पारावर बसली. बाँड आणला, त्यावर टाइप केलं, आम्ही नवरा-बायकोनं सह्या केल्या, नोटरीचा शिक्का बसला आणि मामा म्हणाला, "झाली बाई फारकत. सुटलीस." हा कागद जन्मभर लागणार म्हणून त्यानं लगेच झेरॉक्सवाल्याकडून त्याला प्लास्टिक चढवून आणलं. आईनं तो कपाटात माझ्या दहावीच्या सनदेखाली ठेवला.

त्यात काय लिहिलं होतं ते आधी सांगते, कारण सगळा घोर त्याचाच. मी पोरीसाठी खावटी मागायची नाही. आमच्याकडं पोटगीला खावटी म्हणतात. आणि पोरगी सात वर्षांची झाली की तिला बापाच्या ताब्यात द्यायची. सही केली तेव्हा ती मांडीवर झोपली होती, सात वर्षं मला कुठल्या कुठं वाटली. शिवाय त्या घरातून सुटायची इतकी घाई झालेली, की माझी किडनी लिहून मागितली असती तरी मी सही ठोकली असती.

वर्षं काय, भुर्रकन गेली. मी ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं, पोरगी शाळेत जायला लागली. खावटी कधी आली नाही, मी मागितलीही नाही. अन् दिवाळी झाल्यावर त्याचा फोन आला. पूर्वी मी नवऱ्याला 'हे' म्हणायचे, आता नुसता 'तो'.

"पोरीला सात पुरे होऊन राहिलेत," तो म्हणाला. "उन्हाळ्यात न्यायला येतो. बाँड वाचून ठेव." एवढं बोलून ठेवला. मी दुकानात मशीनवरचा ब्लाऊज अर्धाच सोडला. पोरगी कोपऱ्यात चिंध्यांच्या बाहुल्या करीत होती.

त्यानंतर जो तो वकील. शेजारीण म्हणाली, पोरीला देगलूरला मावशीकडं लपव. मोबाईलवरचा एक व्हिडिओ म्हणायचा काळजी करू नका, दुसरा म्हणायचा जेल होईल. नांदेडला कुणाच्या ओळखीनं एका वकिलाकडं गेले, तर त्यानं कागद नीट वाचलाही नाही. "सही हाय तुमची. अवघड हाय. पण करू मॅनेज," म्हणाला. मला तो 'मॅनेज' काही पटला नाही. माझी पोरगी म्हणजे काय प्लॉट आहे?

मामाचं तर एकच पालुपद. "चार माणसांत सही केलीस. आता शब्द फिरवला तर इज्जत काय ऱ्हाईल?"

माझं डोकंच फिरलं. "मामा, इज्जत तुमची अन् पोरगी माझी. लई वाटत असंल तर तुमची इज्जत द्या की त्याला नेऊन!" मामा चहा तसाच ठेवून उठून गेला. मग मी आत जाऊन पोटभर रडले.

त्यात पोरीनं दुधाचं नाटक सुरू केलं. आधी पेला तोंडाला लावला की खाली ठेवायची नाही, आता दूध बघितलं की ओठ घट्ट मिटायची. साखर घातली, हळद घातली, काही उपयोग नाही. एकदा रागाच्या भरात मी तिच्या पाठीत धपाटाही घातला. ती रडली, पण प्यायली नाही.

शेवटी माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अगं, लातूरला कोर्टाच्या आवारातच बायकांना सरकारकडून वकील फुकट मिळतो. अर्ज करायचा. कुणाला एक पैसा देऊ नकोस." फुकट म्हटल्यावर मामाला शंका आली, म्हणून तोही निघाला. बाँड त्यानं टॉवेलात गुंडाळून घेतला होता. अहमदपूरच्या स्टँडवर त्यानं दोन प्लेट चुरमुऱ्याचा सुशीला खाल्ला, मी नुसता चहा घेतला.

आम्हाला ज्या वकीलबाई मिळाल्या त्या माझ्याच वयाच्या. त्यांनी बाँड हातात घेतला, त्यावर नख टकटक वाजवलं आणि विचारलं, "याला प्लास्टिक कुणी चढवलं?"

"मी!" मामा छाती काढून म्हणाला.

त्यांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "ताई, तुमची फारकत झालेलीच नाही."

"म्हंजी?"

"बाँडवर लग्न मोडत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. तुमच्यात तशी जुनी रूढी आहे म्हणायचं, तर तीही कोर्टात सिद्ध करावी लागते. कायद्यानं तुम्ही अजून त्याच्या बायकोच आहात."

अगं माय! इतकी वर्षं मी सुटले म्हणून मिरवत होते आणि मी त्याची बायकोच? त्याच प्लास्टिकनं मामाचं टाळकं शेकावं असं वाटलं. मामा छताच्या पंख्याकडं बघायला लागला.

"थांबा, चिडू नका, अजून ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "खावटी पोरीच्या हक्काची. ती सोडून द्यायला तुमची नव्हतीच. आणि पोरगी कुणाकडं राहणार, हे पारावर ठरत नसतं. तिचं भलं कशात आहे ते बघून कोर्ट ठरवतं. त्याला पोरीला भेटायचं असेल तर त्यानं कोर्टात मागावं. पण हा कागद दाखवून तो तिला उचलून नेऊ शकत नाही."

"मंग ते सात वर्षाचं?"

"ते मामांना विचारा."

"तसं लिवायची पद्धत हाय," मामा पुटपुटला.

मी विचारलं, "म्हंजी पोरगी माझ्याकडंच ऱ्हाईल, हे पक्कं का?"

"पक्कं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ती पहिल्यापासून तुमच्याजवळ आहे, तिची शाळा तिथं आहे, हे कोर्ट बघतं. खावटीचा अर्ज तुम्ही राहता तिथंच करू, नांदेडला खेटे नकोत. फारकतही रीतसर मागू." आतापर्यंत सगळ्यांनी मला एकतर भीती घातली होती, नाहीतर गॅरंटी दिली होती. या बाईनं दोन्ही केलं नाही, तिथंच माझा विश्वास बसला.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन दोन प्लेट भजी मीच खाल्ली. मामानं बाँड पुन्हा टॉवेलात गुंडाळला अन् म्हणाला, "लॅमिनेशन वायाच गेलं की गं." मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, मग तोही हसला.

घरी आले तर पोरगी उंबऱ्यातच बसलेली. मी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, "आता तुला कुणी न्यायला येत न्हाई."

"सात झाले तरी?"

फोन आला तेव्हा ही कोपऱ्यातच होती, आणि नंतरची आमची सगळी भांडणं हिच्यासमोरच झालेली.

"सत्तर झाले तरी न्हाई," मी म्हणाले.

तिनं थोडा विचार केला. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि पेला घेऊन आली.

"आजी म्हणती दूध पिलं की लवकर मोठं व्हतंय," ती म्हणाली. "आता दे."